लागू नसेल ते खोडावे

१

गोदामात काजूबीची दोनशे बारा पोती होती. प्रत्येक पोतं ऐंशी किलोचं, तोंड शिवलेलं, एकावर एक अशी सातची थप्पी आणि शेवटची थप्पी दोनची. शिवाय वजनकाटा एक, झाडू एक, सूप एक, प्लास्टिकची पाण्याची बाटली एक, रिकामी. दाराबाहेरच्या पडवीत, विटांवर रचलेली आणि निळ्या ताडपत्रीने झाकलेली आणखी एकतीस पोती. तिथेच खिळ्याला शर्ट एक, खिशात मोबाईल, बॅटरी संपलेली. दाराला पितळी कुलूप एक, कापलेलं. आणि आत, दारापासून दोन पावलांवर, उजव्या कुशीवर पडलेला माणूस एक. केरू, गोदामाचा राखणदार, वय बावन्न.

पंचनामा एवढाच होता. उर्वीने तो मोठ्याने वाचून दाखवला.

"अजून एकदा वाच," गोपाळकृष्ण वकील म्हणाले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण ऑपरेशनची तारीख ते दर महिन्याला पुढे ढकलत.

"काका, हे तिसऱ्यांदा. पोती काही वाढायची नाहीत."

"अगो, पोती नाही वाढणार. माझी समज वाढेल."

उर्वी फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षभराची हंगामी नोकरी होती, ती एप्रिलमध्ये संपली. तेव्हापासून ती शेजारच्या या काकांची कागदपत्रं वाचून द्यायची.

हातखंब्याच्या अलीकडे अनिलचा काजूचा लहानसा कारखाना होता. गोदाम त्याचंच: जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर पत्रा, लोखंडी दार. आतला माल एका पतसंस्थेकडे गहाण होता. गुरुवारी दुपारी केरू आत असताना कुणीतरी बाहेरून कुलूप घातलं. शुक्रवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. केरू अधूनमधून कारखान्यावरच झोपायचा, म्हणून घरच्यांना लगेच काही वाटलं नाही. शनिवारी सकाळी त्याची बायको हौसा शोधत आली, आणि कुलूप कापलं गेलं. डॉक्टरांचं म्हणणं, तो गुरुवारी संध्याकाळपर्यंतच उष्म्याने गेला असावा.

अनिल कोठडीत होता, आणि त्याचं वकीलपत्र काकांकडे. आदल्याच दिवशी, बुधवारी, पाच बायकांच्या समोर तो केरूवर ओरडला होता, "परत बी सांडलीस तर आत कोंडून ठेवीन तुला!" गुन्हा सदोष मनुष्यवधाचा. जामिनावर सुनावणी सोमवारी, आणि आज बुधवार.

"तो म्हणतो कुलूप संस्थेचं. संस्था म्हणते कुलूप त्याचं," काका म्हणाले. "कुलूप दाबलं की बसणारं, त्यामुळे घालायला चावी लागतच नाही. उघडायची चावी दोघांपैकी कुणाकडेच सापडली नाही. आता राहिला करारनामा. वाच त्यातला शब्द."

उर्वीने झेरॉक्स उजेडात धरली. छापील फॉर्मवर दोन शब्द शेजारी शेजारी होते. त्यातला एक निळ्या पेनाने खोडलेला.

"नजरगहाण," तिने उरलेला शब्द वाचला.

काकांनी झेरॉक्सवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "हा शब्द खरा असेल, तर कुलूप अनिलचं आहे."

२

"म्हणजे काय, ते मला कळलेलं नाही," उर्वी म्हणाली.

"गहाण म्हणजे ग्रहण. संस्कृतातलं. चंद्राला लागतं तेच. घेणं, धरणं. आता धरायचं कसं, याच्या दोन तऱ्हा. माल सावकाराच्या हातात गेला, तर ते ताबेगहाण. कुलूप त्याचं, चावी त्याची, राखण त्याची. आणि माल मालकाकडेच राहिला, सावकाराने नुसता डोळ्यांनी धरला, तर नजरगहाण. नजर अरबीतून आली. ग्रहण संस्कृतातलं, नजर अरबी, दोघांचं लग्न आपल्या कचेऱ्यांत लागलं."

"आणि इंग्रजीत?"

"हायपोथिकेशन. मूळ ग्रीक. खाली ठेवलेलं, असा अर्थ. कर्जाच्या खाली आधाराला वस्तू ठेवायची, पण जागची हलवायची नाही. सोलापूरच्या एका न्यायाधीशासमोर हे सांगायला गेलो, तर म्हणाला, वकीलसाहेब, ग्रीस राहू दे, तारीख कुठली हवी ते सांगा."

उर्वी हसली नाही. ती फॉर्मकडे बघत होती. दोन शब्दांच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: लागू नसेल ते खोडावे.

दुसऱ्या दिवशी ती रितेशच्या रिक्षातून हातखंब्याला गेली. गोदामाला लागूनच असलेल्या घराच्या दारात अनिलची बायको संस्कृती उभी होती. तिने उर्वीला आत बोलावलं, पाणी दिलं, पण बसली नाही.

"कुलूप कुणाचं होतं, वहिनी?"

"त्यांचंच. वर लाखेचं सील. साहेब येणार, उघडणार, पैसे भरले त्याची बारा पोती मोजून देणार, परत लावणार. ह्यांनी मला बजावून ठेवलेलं, त्या दाराला हात लावायचा नाय. सील तुटला तर जेलात जाऊ म्हणाले." ती थांबली. "सील नाय तुटला. तरी गेलेच."

"सील पंचनाम्यात नाही."

"कापताना फुटला असेल. तेव्हा कोण बघतो सीलकडे?"

"करारनाम्याची प्रत तुमच्याकडे?"

"आमाला कोण देतो? ह्यांच्या पंधरा-वीस सह्या घेतल्या. कोऱ्या फॉर्मांवर पण. म्हणाले, नंतर भरू."

उर्वी गोदामाच्या पडवीत गेली. ताडपत्रीखालची पोती तिने स्वतः मोजली. एकतीस. बी यंदाची, ताजी. दाराच्या फटीतून आत पाहिलं, तर डाव्या भिंतीशी निम्मी जागा मोकळी होती.

"ही पोती कधीपासून बाहेर आहेत?"

"महिना झाला. एप्रिलात बी घेतो ना आम्ही. रोज आभाळ बघत बसायचं. दोनदा सर आली, तेव्हा आम्ही दोघं आणि केरूदादा ताडपत्री धरून उभे."

रिक्षात बसल्यावर उर्वी म्हणाली, "रितेशदादा, तुझ्या घरात रिकामी खोली आहे, चावी तुझ्या खिशात आहे, आणि पाऊस येतोय. तू गादी अंगणात ठेवशील?"

"मी काय येडा आहे?"

"अनिलही नाही," उर्वी म्हणाली.

३

पतसंस्थेचा शाखाधिकारी ऋत्विक तिशीतला. टेबलावर काचेखाली बायको-मुलीचा फोटो. तो नम्रपणे बोलत होता, आणि मधूनमधून हातरुमालाने तळहात पुसत होता.

"वकीलसाहेबांना काय हवं ते बघा ना. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही. नजरगहाण म्हणजे माल पार्टीकडे, कुलूप पार्टीचं. आम्ही महिन्याला जाऊन नजर टाकून येतो, बस."

"शेवटची नजर कधी टाकलीत?"

"वीस एप्रिलला. गुरुवारी तर मी चिपळूणला ट्रेनिंगला होतो. सह्या आहेत तिथे माझ्या."

"ट्रेनिंग किती वाजता होतं?"

"दोन वाजता."

"नजरगहाणात पार्टीने दर महिन्याला साठापत्रक द्यायचं असतं, असं काका म्हणाले."

"आहे की." त्याने फाइल सरकवली. एप्रिलअखेरचं साठापत्रक, खाली अनिलची सही. *एकूण साठा: पोती २१२.*

उर्वीने तो आकडा वहीत उतरवून घेतला. मग पेन खाली ठेवलं.

"हे अनिलने भरलं?"

"सही आहे ना त्याची."

"सही आहे. पण अनिलजवळ तीस एप्रिलला दोनशे त्रेचाळीस पोती होती. एकतीस पडवीत. नजरगहाण असेल तर कारखान्यातला सगळा माल तुमच्या नजरेत येतो, बाहेरचाही. अनिलला ती एकतीस रोज दिसत होती, तो विसरेल कसा? हा आकडा लिहिणाऱ्याने फक्त कुलपाच्या आतलं मोजलंय."

ऋत्विकने फाइल मिटली. "मॅडम, तुम्ही वकील आहात का?"

"नाही."

"मग मी तुमच्याशी का बोलतोय?"

ती जिना उतरत होती, तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. क्लार्क उल्का पाण्याचा जग हातात घेऊन उभी होती, जणू भरायलाच निघालीय. पन्नाशीची बाई. ओठ न हलवल्यासारखं करून ती म्हणाली, "फोन नंबर दे तुझा. मला एक मोजायचंय."

४

फोन शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला.

"उर्वी ना? ऐक, मला मध्ये टोकू नको, नाहीतर माझं धैर्य जाईल. आमच्याकडे मालतारणाचे त्रेचाळीस करारनामे आहेत. आज सगळे काढले. बेचाळीस फॉर्मांवर दोन्ही शब्द जसेच्या तसे आहेत. कुणी कधी काही खोडतच नाही गो. मीच भरते ते. बावीस वर्षं भरतेय. खाली लिहिलंय लागू नसेल ते खोडावे, ते मी कधी वाचलंसुद्धा नाही. पार्टी सही करते, साहेब सही करतात, झालं."

"आणि त्रेचाळिसावा?"

"त्याच्यावर खोडलंय. अनिलच्या. पण मी भरला तेव्हा नव्हतं."

उर्वी भिंतीला टेकली. नियम पाळलेला एकच फॉर्म होता, म्हणून तोच खोटा होता.

"मॅडम, एवढ्यावर वकील म्हणतील, तुम्ही विसरला असाल."

"म्हणतील." उल्काने आवाज खाली आणला. मग घाईघाईने म्हणाली, "भिंतीवर चाव्यांची फळी आहे. नऊ खिळे. गुरुवारी सकाळी दहाला साहेबांनी सात नंबरची चावी माझ्याच हातून घेतली. म्हणाले, अनिलची बारा पोती सोडून येतो आणि तसाच चिपळूणला जातो. आता फळीवर आठ चाव्या आहेत. सात नंबर म्हणजे हातखंबा."

"हे तुम्ही पोलिसांना सांगाल?"

"माझ्या रिटायरमेंटला चार वर्षं आहेत, उर्वी."

"हो."

"मुलगा घरी बसून आहे."

उर्वीने वहीत लिहिलेला सातचा आकडा परत गिरवला.

"केरू यायचा आमच्याकडे," उल्का शेवटी म्हणाली. "सही करता यायची नाही त्याला. अंगठा लावायचा आणि बोट माझ्या टेबलाला पुसायचा. मी ओरडायची. अजून डाग आहे तिथे." आणि फोन बंद झाला.

५

उल्काने शनिवारी जबाब दिला. ऋत्विकने रविवारी.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात उर्वीला तो बाकावर दिसला, शेजारी हवालदार. ती पुढे जाणार होती, पण त्यानेच हाक मारली.

"मॅडम, मी आत बघितलं होतं."

ती थांबली.

"पोती टेम्पोत चढली. टेम्पो गेला. अनिल त्याच्याबरोबर पुढे कारखान्यात गेला. मी दाराशी उभा राहिलो, आत नजर टाकली. कुणी नव्हतं. केरू म्हणून हाकही मारली."

"किती वेळा?"

"एकदा." त्याने तळहात पँटला पुसले. "तो थप्पीमागे सांडलेली बी गोळा करत असणार. अनिल आदल्या दिवशी ओरडला होता ना त्याला. मला वाटलं, गेला असेल. शर्ट मला दिसला नाही. मला दोनला चिपळूण गाठायचं होतं."

"आणि शब्द कधी खोडलात?"

"शनिवारी संध्याकाळी. चावी भाट्याच्या पुलावरून खाडीत टाकली. मला मुलगी आहे हो, चार वर्षांची."

हवालदाराने त्याला उठवलं.

जामीन झाला. काकांनी फारसं बोलावंच लागलं नाही. बाहेर आल्यावर संस्कृतीने नवऱ्याच्या दंडाला धरलं, आणि दोघं पायऱ्यांवर तशीच उभी राहिली. अनिलची दाढी वाढली होती. तो काकांच्या पाया पडला, उर्वीच्याही पडायला लागला, तेव्हा ती मागे सरली. तो कुणाच्याही डोळ्यांकडे बघत नव्हता. कोठडीतून आलेल्या माणसाचं असंच होत असेल, असं तिला वाटलं.

पायऱ्यांच्या खाली, सावलीत, केरूची हौसा बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. उर्वी तिच्यापाशी जाऊन उकिडवी बसली आणि जे ठरलं ते सोप्या शब्दांत सांगितलं. कुलूप संस्थेचं होतं, साहेबांनी न बघता लावलं, अनिलचा दोष नाही.

हौसाने सगळं ऐकलं.

"बाय, तू शिकल्याली हायस, म्हनून इचारतंय. तो काय गप बसला नसंल. आमचा माणूस लय वरडायचा. साधा दार लागला तरी धाडधाड वाजवायचा. त्यानं दार वाजवला असंल ना?"

"असेल."

"मंग कुनाला ऐकू कसा नाय गेला?"

६

"नको," काका म्हणाले. "अगो, आपल्याला हवं होतं ते झालं. अशील सुटला. करारनामा खोटा ठरला. आता आणखी काही मोजू नकोस."

"कुणीतरी विचारेलच की कोर्टात."

"विचारेल तेव्हा मी उत्तर देईन. माहीत नाही, हे सुद्धा उत्तर असतं."

"मला ते चालत नाही, काका."

"माहीत आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू त्याने काही फरक पडणार होता. "त्या अनिलला वाचवायला तूच मोजलंस. हे लक्षात ठेव आणि जा."

गोदामावरचं पोलिसांचं सील निघालं होतं, पण पोती अजून आतच होती, त्याच थप्प्यांत. रिकाम्या गोदामात आवाज घुमतो, म्हणून ती हलवायच्या आत जाणं भाग होतं. अनिल रत्नागिरीत गेला होता. संस्कृती घरी होती. तिने कशाला म्हणून विचारलं नाही.

उर्वीने टेप धरून अंतर घेतलं. मग रितेशला दाराशी उभं केलं.

"बाहेरून मी कुलूप घालणार नाही, नुसतं दार ओढून घेणार. पाच मिनिटांनी सुरू कर. मूठ वळून मार, हाताने. मध्ये दहा-दहा सेकंद थांब. दहा वेळा."

"जोरात?"

"माणूस मारेल तसं."

रितेशने एकदा पत्र्याकडे वर बघितलं. मग तो आत गेला.

दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. केरूच्या गुरुवारीही हीच वेळ असणार. कारखाना बंद, कुठे मशीन नाही, वारा नाही. उर्वी घराच्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली. संस्कृती ओट्याशी पाठमोरी उभी होती. भांडी घासून झाली होती, तरी ती एक पातेलं परत परत विसळत होती.

"वहिनी, नळ बंद कराल?"

नळ बंद झाला.

"खिडकी त्या दिवशी उघडी होती की बंद?"

"बंद," संस्कृती म्हणाली. "ऊन येतो." मग भिंतीकडे बघतच, हळू, "मी ह्यांना म्हटलं होतं, दार वाजतंय. ह्ये बोलले, ता कुलूप आपला नाय. फोन लावतो बोलले साहेबांना. साहेबांचा फोन बंद होता. मंग थोड्या वेळानं..." तिने पातेलं पालथं घातलं.

उर्वीने खिडकी लावली, कडी घातली. वही उघडली. घड्याळ ओट्यावर ठेवलं.

पहिली थाप आली, तेव्हा संस्कृतीने दोन्ही कान हातांनी झाकले. उर्वीने वहीत एक उभी रेघ मारली, आणि मग दुसरी, आणि मग संस्कृतीकडे न बघता पुढच्या रेघा मारत राहिली. शेवटच्या रेघेनंतर तिने आणखी एक मिनिट वाट पाहिली.

मग तिने खाली लिहिलं:

गोदामाचं दार ते स्वयंपाकघर, अंतर एकोणीस मीटर. खिडकी बंद. थापा मारल्या दहा. ऐकू आल्या दहा.